लक्ष दे म्हणजे काय दे?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

"लक्ष म्हणजे एक लाख, मग तू 'लक्ष दे' म्हणतोस तेव्हा मी काय द्यायचे?" हा तुझ्या पत्रातला प्रश्न मला इतका आवडला की उत्तर फोनवर न देता लिहूनच पाठवतो आहे.

दोन्ही अर्थांचा शब्द संस्कृतातून आला आहे. १,००,००० या संख्येचे 'लक्ष' प्राकृतात 'लक्ख' झाले आणि पुढे त्याचे 'लाख' झाले. संख्येचा विषय इथेच सोडतो. आपले रोजचे 'लक्ष' 'लक्ष्' या धातूचे असून खूण ओळखणे, निरखणे हा त्याचा अर्थ आहे. ज्यावरून वस्तू ओळखू येते ते तिचे लक्षण, आणि ज्याची लक्षणे इतरांहून निराळी ते विलक्षण. 'लक्ष्मी' हीदेखील मुळात खूणच, आणि ती नेहमी शुभच असे असे नाही, कारण अथर्ववेदात 'पापी लक्ष्मी'ला इथून उडून जा असे बजावले आहे. (आजीला हे जरा जपून सांग.)

खरी गंमत मराठीने या शब्दाला जोडलेल्या क्रियापदांत आहे. इंग्रजीत लक्ष पैशांसारखे चुकते करतात ('पे अटेन्शन'). आपण मात्र बोलणाऱ्याकडे लक्ष देतो, धाकट्या भावंडावर लक्ष ठेवतो आणि अडलेल्या कामात लक्ष घालतो, म्हणजे देण्यात ऐकणे आहे, ठेवण्यात राखण आहे आणि घालण्यात जबाबदारी आहे. त्याहून सूक्ष्म आहे ते 'लक्षात येणे'. 'चूक माझ्या लक्षात आली' या वाक्याचा कर्ता मी नसून चूक आहे. ती आपल्या पायांनी चालत येते, आणि मी केवळ ती जिथे आली त्या जागेचा मालक उरतो. विसरल्यावरही 'लक्षात राहिले नाही' असे म्हणून सारा दोष त्या गोष्टीवर ढकलता येतो, आणि ही सोय तू अंमळ जास्तच वापरतोस.

संस्कृतात 'दुर्लक्ष्य' म्हणजे जे दिसायला अवघड ते. मराठीतले 'दुर्लक्ष' मात्र समोर दिसत असूनही न पाहणाऱ्याचे असते.

त्याच पत्रात तू 'मी लक्ष्य दिले नाही' असे लिहिले आहेस, ते सुधारून घे. नेम धरून बाणाने वेधतात ते लक्ष्य, आणि तास चालू असताना मागच्या बाकावरचा तुझा मित्र हातवारे करून वेधून घेतो ते लक्ष.

तुझा,
बाबा