पुरणपोळीवर तूप घेतलं की साखर चढत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की आई पोळीवर तुपाची धार धरताना 'याने साखर चढत नाही' म्हणते ते खरं का, आणि मधुमेह नसलेल्या माणसाच्या हार्मोन्सवर गोड आणि तूप यांचा काय परिणाम होतो.

आईचं अर्धं बरोबर आहे. मी वैद्यकीयच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते, आणि दर होळीला हा वाद आमच्याही पानावर असतोच. एकदा सासऱ्यांचं ग्लुकोमीटर घेऊन मी स्वतःवर करून पाहिलं. एक दिवस कोरडी पोळी, दुसऱ्या दिवशी तेवढीच पोळी तुपात भिजवून. तुपाच्या दिवशी तासाभराने आकडा कमी आला. नवऱ्याने लगेच 'बघ!' म्हणून घेतलं. एका माणसाच्या दोन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही हे सोडा, पण ते यंत्र फक्त ग्लुकोज मोजतं. इन्सुलिन त्याला दिसत नाही.

आकडा कमी का आला? तूप लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथल्या पेशी सीसीके हे हार्मोन सोडतात. पित्ताशय आकसून पित्त सोडतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. पोळी थोडी थोडी खाली उतरते, म्हणून ग्लुकोजही एकदम रक्तात येत नाही.

पण त्याच तुपाने आतड्यातून जीआयपी नावाचं दुसरं हार्मोनही वाढतं. 1964 मध्ये लक्षात आलं होतं की ग्लुकोज शिरेतून देण्यापेक्षा तोंडाने घेतलं तर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं. म्हणजे स्वादुपिंडाला आतडं आधीच वर्दी देतं. ती देणारे मुख्य दोघे, जीआयपी आणि जीएलपी-1. (वजन कमी करायच्या इंजेक्शनांमुळे सध्या गाजतंय ते हेच जीएलपी-1, आपल्या शरीरातलं जेमतेम दोन मिनिटं टिकतं.) निरोगी माणसांना बटाटा नुसता आणि लोण्याबरोबर देऊन पाहिलं, तर लोण्याने ग्लुकोज कमी चढलं, जीआयपी मात्र वाढलं आणि इन्सुलिन काही कमी झालं नाही.

इन्सुलिन वर असताना चरबीच्या पेशी साठा सोडत नाहीत, उलट भरून घेतात. तुपातली चरबी लसिकेतून, म्हणजे लिम्फच्या वेगळ्या वाहिन्यांतून, रक्तात येते आणि तीन-चार तासांनी सर्वांत जास्त असते. आपण तेव्हा बहुधा वामकुक्षीत असतो. यात रोग वगैरे काही नाही, साठवण अशीच होते आणि रात्रीच्या उपासात त्यातलं खर्चीही पडतं. फक्त 'आकडा कमी म्हणजे पोळी फुकट' हा हिशेब चुकीचा आहे.

आता गोडाकडे. साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज. गूळही मुख्यतः तेच, त्यामुळे 'आमचं पुरण गुळाचं' याने फारसं काही बदलत नाही. फ्रुक्टोज यकृतात जातं आणि इन्सुलिनला जवळजवळ जागंच करत नाही. ऐकायला बरं वाटतं ना? 2004 मध्ये सामान्य वजनाच्या 12 स्त्रियांना जेवणाबरोबर एकदा ग्लुकोजचं, एकदा फ्रुक्टोजचं पेय दिलं. फ्रुक्टोजच्या दिवशी इन्सुलिन आणि तृप्तीचं लेप्टिन कमी राहिलं, भुकेचं घ्रेलिन कमी दबलं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढली. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट गेलीच नाही म्हणा. ते निव्वळ फ्रुक्टोज होतं, तेव्हा जसंच्या तसं पुरणाला लावू नका. पुरणात डाळीची प्रथिनं आणि चोथाही असतो.

मला भीती पोळीची नाही, तिच्यासोबतच्या थंड पेयाची आहे. 300 मिलीच्या कोलात 30 ग्रॅमच्या वर साखर असते. 2000 कॅलरी खाणाऱ्याला जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 50 ग्रॅमच्या आत, जमलं तर 25 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. वर त्यात डाळ नाही, चोथा नाही, जठराला थांबवणारं काहीच नाही.

घरात कुणाला मधुमेह असेल तर यातलं काहीही त्यांना लागू करू नका, त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तुम्ही मात्र आईला तूप वाढू द्या, चवीसाठी म्हणून.