दोघांचा जेनोटाइप वेगळा, मग गोळी एकच कशी?

वडिलांना हिपॅटायटिस सी निघाला, जेनोटाइप (म्हणजे विषाणूचा जनुकीय प्रकार) 3. मामांना 1 होता. तरी दोघांना गोळी एकच, म्हणजे डॉक्टरांचं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही चुकलं. मी डॉक्टर नाही, नाशिकरोडला राहतो. पण माझाही 3 च होता आणि जुनी-नवी दोन्ही औषधं मी घेतली आहेत.

2011 साली जेनोटाइपवर मुदत ठरायची. 1 असेल तर 48 आठवडे, 3 असेल तर 24. "नशीबवान आहात," असं मला सांगितलं होतं! दर शुक्रवारी रात्री इंटरफेरॉनचं इंजेक्शन. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीला खेटून त्याचा डबा. शनिवार-रविवार ताप आणि अंग ठणकणं. सहा महिने काढले, नंतरच्या तपासणीत विषाणू परत हजर.

आमच्या शेजारचे काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, "छपाई जोरात आणि तपासणी खातंच नाही, असं झालंय तुझ्या रक्तात." अगदी तसंच आहे. या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, साधारण 9,600 अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं एन्झाइम झालेली चूक दुरुस्त करत नाही, आणि प्रती निघतात दिवसाला अब्जावारी. म्हणून एकाच माणसात थोडेथोडे वेगळे विषाणू नांदतात. जेनोटाइप तर एकमेकांपासून तीसेक टक्के वेगळे.

आताच्या एका गोळीत दोन औषधं असतात. त्यातलं सोफोसबुविर त्या एन्झाइमच्या ऐन गाभ्यावर घाव घालतं. तिथे विषाणूने बदल केला तर त्याचीच नक्कल अडते, म्हणून तो गाभा सगळ्या जेनोटाइपमध्ये जवळपास सारखाच. जोडीचं वेल्पाटासविर दुसऱ्याच प्रथिनावर काम करतं, त्यामुळे एकातून निसटलेला दुसऱ्यात सापडतो. ही जोडगोळी 2016 पासून सगळ्या जेनोटाइपना चालते. 2017 मध्ये मी रोज एक, अशा 84 गोळ्या घेतल्या. मोकळा झालो.

डॉक्टरांना विचारायचंच तर सिरॉसिस (यकृत घट्ट, निबर होणं) आहे का ते विचारा; जेनोटाइप 3 आणि सिरॉसिस एकत्र असतील तर उपचार थोडे बदलू शकतात. हिपॅटायटिस बी तपासलाय ना, तेही बघा. ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर आधी सांगा, तिने वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला चौकशी करा, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए तपासणी करून तो रिपोर्ट जपून ठेवा. अँटीबॉडीची (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची) तपासणी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते. हर्नियाच्या ऑपरेशनआधी माझी तशी आली, बायकोच्या डोळ्यांत पाणी, आणि मी कपाटात ती फाइल शोधतोय.