स्लाइडवर सगळ्या पेशी जांभळ्याच दिसतात, मग नुसतं बघून ब्लड कॅन्सर कसा ओळखतात?

पहिलं वर्षभर मलाही सगळं जांभळंच दिसायचं, त्यामुळे घाबरू नका. चूक बहुतेक डोळ्यांची नसते, जागेची असते. स्मीअरच्या (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या) जाड भागात बघितलं तर प्रत्येकाच्याच आरबीसी (लाल पेशी) नाण्यांच्या चळतीसारख्या दिसतात आणि पार शेपटीला गेलात की प्रत्येकालाच स्फेरोसाइट, म्हणजे मधला फिकट भाग नसलेल्या लाल पेशी. आरबीसी एकमेकींना जेमतेम टेकतात ती जागा आधी 10 च्या लेन्सने शोधा, मगच तेल टाकून 100 ची लावा. मापाला फूटपट्टी तिथेच असते, छोट्या लिम्फोसाइटचा (ही एक पांढरी पेशी) न्यूक्लियस, म्हणजे केंद्रक, साधारण नॉर्मल आरबीसीएवढा.

आता ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियात (ब्लड कॅन्सरमध्ये) शोधायच्या अपक्व पेशी. पेशी बहुतेक वेळा मोठी, जवळपास सगळी न्यूक्लियसनेच भरलेली, क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला डीएनएचा पसारा) बारीक आणि मोकळं, आत न्यूक्लिओलस नावाचा ठिपका, बाहेर सायटोप्लाझमची (न्यूक्लियसभोवतीच्या द्रवाची) बारीकशी किनार. पुस्तकात सोपं वाटतं, पण मी एकदा व्हायरल तापाच्या पेशंटच्या रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट्सना (इन्फेक्शनशी लढताना बदललेल्या पेशींना) ब्लास्ट म्हणून मोकळी झाले होते, मॅडमनी एवढंच विचारलं की या सगळ्या एकमेकींसारख्या दिसतायत का गं? नव्हत्या. रिअ‍ॅक्टिव्ह पेशी प्रत्येक वेगळी, सायटोप्लाझम भरपूर आणि शेजारच्या आरबीसीला बिलगलेला, ब्लास्ट मात्र बरेचदा एकाच साच्यातून काढल्यासारखे. तेव्हापासून मी एका पेशीवरून काही बोलतच नाही.

अपवाद म्हणजे ऑवर रॉड. ब्लास्टच्या सायटोप्लाझममध्ये लालसर काडी दिसली की तो मायलॉइड कुळातला, दुसऱ्या कुळातल्या लिम्फोब्लास्टमध्ये ती नसते. आणि अशा काड्यांची अख्खी मोळीच एका पेशीत दिसली, न्यूक्लियस मधोमध चिमटलेला, तर तो एपीएल (अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) असायची दाट शक्यता, तिथे रिपोर्ट टाइप करत बसायचं नाही, उठून डॉक्टरांना फोन करायचा, कारण त्यात रक्तस्रावाने पेशंट काही तासांत जाऊ शकतो आणि एट्रा नावाचं औषध जेनेटिक रिपोर्टची वाट न बघता नुसत्या संशयावर सुरू करतात.

सीएलएलमधे (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात) उलटं, तिथे फुटलेल्या पेशीच खूण देतात. त्या लिम्फोसाइट इतक्या नाजूक की स्मीअर ओढताना चिरडतात, त्यांना स्मज सेल म्हणतात. रक्तात थोडं अल्ब्युमिन मिसळून स्मीअर केला तर त्या बऱ्याच शाबूत राहतात, करून बघा, मजा येते.

एका पेशीवरून बोलायचं नाही, हे लिम्फ नोडच्या गाठींनाही लागू. हॉजकिन लिम्फोमामधली (गाठींच्या एका कॅन्सरमधली) घुबडाच्या डोळ्यांसारखी रीड-स्टर्नबर्ग पेशी सगळ्यांना पाठ असते, पण तशीच दिसणारी पेशी इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस या व्हायरल आजाराच्या गाठीतही सापडते, म्हणून भोवती लिम्फोसाइट, इओसिनोफिल वगैरेंची कशी गर्दी आहे ते बघावंच लागतं, वर सीडी30, सीडी15 या पेशीवरच्या खुणांचे स्टेनही लावतात. ल्युकेमियात पेशीवरच्या खुणा तपासायचं ते काम फ्लो सायटोमेट्री नावाची मशीनवरची तपासणी करते.

आणि हो, आरबीसीवर बसलेल्या प्लेटलेटला मलेरिया म्हणू नका, ते पण मी केलंय.