बेंबी टोचून घेतली तर खरंच सेप्टिक होतं का? आई नको म्हणते, काय करू?

तू लिहिलं आहेस की वय १९ आहे, कॉलेजातल्या दोघी मैत्रिणींनी बेंबी टोचून घेतली, तुलाही हवी आहे, पण आई "सेप्टिक होईल" म्हणून अडून बसली आहे. तुझ्याच वयाची माझी भाची आहे, म्हणून 'तू'च म्हणते. आईची भीती खोटी नाही. माझ्या बाबतीत तसंच झालं होतं.

मी बाविसाव्या वर्षी गोव्याला मैत्रिणींबरोबर गेले होते. किनाऱ्याजवळच्या एका दुकानात, कान टोचतात त्याच गनने, पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी समुद्रात मनसोक्त डुंबले. परत आल्यावर रोज जीन्स घालून लोकलने ऑफिस. कमरेचा पट्टा नेमका रिंगवर यायचा आणि गर्दीत कुणाची बॅग पोटाला घासली की डोळ्यांत पाणी यायचं. तिसऱ्या आठवड्यात बेंबीच्या वरची जागा लाल झाली, हाताला गरम लागू लागली, रात्रभर ठणकायची. घाबरून मी रिंग काढून टाकली आणि तिथेच चुकले. भोक वरून मिटलं, पू आत कोंडला. ताप भरला, गळू झालं, सर्जनकडे चिरा द्यावा लागला. पुढे कितीतरी दिवस जखमेत औषधाची पट्टी भरून घ्यायची. पट्टी ओढून काढताना मी आईचा हात घट्ट धरून ठेवायचे. तो व्रण अजून आहे.

कानाची पाळी सहा-आठ आठवड्यांत भरते, बेंबीला मात्र सहा महिने ते वर्ष लागतं. बेंबी म्हणजे कातडीची घडी. तिथे घाम साठतो, ओल राहते, परकराची किंवा सलवारची नाडी तिथेच काचते. बसलं-वाकलं की जागा दुमडते, जखम जरा धरते न धरते तोच पुन्हा उकलते. टोचतानाचं दुखणं क्षणाचं असतं गं. एवढे महिने सैल कपडे, पोहणं बंद, पालथं झोपणं बंद, हे जमेल का ते आधी बघ.

खोटे कानातले घातल्यावर तुझे कान खाजतात का? मग बहुधा तुला निकेल हा धातू सोसत नाही, आणि 'सर्जिकल स्टील'मध्येही निकेल असतं. इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम माग. तरीही कधीकधी शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलतं. वरची कातडी पातळ होत चालली तर ती फाटायची वाट न बघता डॉक्टरांना दाखव. घरात कुणाच्या जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण, म्हणजे किलॉइड उठत असेल, तर मी स्पष्ट नको म्हणेन.

सुई दुसऱ्यावर वापरलेली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. प्लॅस्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही, त्यामुळे गन दिसली की उठून ये. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, पण बेंबी हे त्याचं काम नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का, ते आईलाच विचार.

मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नकोस. बेंबी बाहेर आलेली असेल तरीही. तो हर्निया असू शकतो.

नंतर रोज हात धुऊन फक्त सलाइनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, पुसायचं आणि कोरडं करायचं. आजी कानाला हळद-तेल लावायची, पण बेंबीच्या घडीत तो लेप बसून राहतो आणि खाली ओल धरते. स्पिरिटही नको. पांढरट स्राव येऊन खपली धरणं ठीक आहे. घट्ट, पिवळा-हिरवा, वास येणारा पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय रिंग काढू नकोस.

एवढं वाचूनही करायचंच असेल तर पावसाळा जाऊ दे, दिवाळीनंतर कर. आईला सोबत ने आणि सुईचं बंद पाकीट तिच्यासमोर फोडायला सांग.