वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यातली धिंगरी वजनात का भरत नाही?

प्रश्न : सा. न. वि. वि. आम्ही राधानगरी तालुक्यात घरामागच्या शेडमध्ये दोन वर्षांपासून धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) बेड घेतो. बेड भरायला लागणारे भाताचे पिंजर, म्हणजे पेंढा, आमच्याच रानातले असते. फेब्रुवारीत निघणारी अळिंबी बेताच्या आकाराची, पण हाताला घट्ट लागते आणि २०० ग्रॅमच्या डब्यात नीट बसते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र घड मोठे दिसतात, तोच डबा गच्च भरतो आणि काट्यावर ठेवला की जेमतेम १५० ग्रॅम भरतो. देठ लांब, टोपी लहान, आणि दुसऱ्या दिवशी माल मऊ पडतो. बियाणे तेच, पिंजर तेच, मग हा फरक कशाने पडतो?
– एक वाचक भगिनी, जि. कोल्हापूर

उत्तर : ताई, ‘देठ लांब, टोपी लहान’ असे आपण लिहिले आहे आणि निम्मे उत्तर तिथेच आहे. बेडमधले बुरशीचे तंतू आपल्यासारखाच श्वास घेतात, म्हणजे प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात. मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण सुमारे ०.०४ टक्के असते. अळिंबी धरू लागल्यावर शेडमध्ये ते ०.१ टक्क्याच्या आत राहावे लागते. पिंजरात तंतू पसरत असतात तोवर जास्त वायू चालतो, पण एकदा पिनहेड, म्हणजे अळिंबीचे टाचणीच्या डोक्याएवढे कोंब, दिसू लागले की तो अळिंबीची ठेवणच बदलून टाकतो. धिंगरी मुळात वाळल्या लाकडावर वाढणारी. कोंडलेली हवा लागली की ती देठ लांबवते, जणू टोपीला फटीतून मोकळ्यावर काढायचे आहे, आणि टोपीची वाढ मागे ठेवते. लांब देठांमुळे घड मोठा दिसतो, डब्यात जागा अडवतो, पण देठा-देठांमधल्या मोकळ्या जागेला वजन नसते.

आपल्याकडे हे पावसाळ्यातच का होते, याचे कारण मला शेडच्या ताडपत्रीत दिसते. झड आत येऊ नये म्हणून आपण ती चारही बाजूंनी खाली सोडून घेतो आणि बेडांनी सोडलेला वायू आतच कोंडतो. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, घाटाकडून येतो, म्हणून पश्चिमेची बाजू बंदच ठेवावी आणि पूर्वेची ताडपत्री खालून हातभर उचलून तिथे चिलटे आत येणार नाहीत अशी बारीक जाळी लावावी. दिवसातून तीन-चार वेळा अर्धा-अर्धा तास हवा बदलली तरी पुढच्या काढणीतच देठांची लांबी कमी झालेली आपल्याला दिसेल. उजेडही तपासावा, कारण अंधारातही देठ असेच लांबतात. शेडमध्ये दिवसा वर्तमानपत्र वाचता यावे एवढा उजेड धिंगरीला पुरतो.

राहिला प्रश्न घट्टपणाचा, आणि तो पाण्याशी बांधलेला आहे. ताज्या अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असते, आणि ते पाणी तिला वरच्या फवाऱ्यातून नव्हे, तर बेडमधून तंतूंच्या वाटे मिळते. टोपीवरून थोडी वाफ सतत उडत राहिली, की बेडमधले पाणी आणि त्याबरोबर पोषणद्रव्ये वर ओढली जातात. शेडमधली आर्द्रता ८० ते ९० टक्के असली तर ही ओढ मंद गतीने चालू राहते आणि टोपीचे मांस दाट भरते. आर्द्रता १०० टक्क्यांना टेकली की वाफ उडणे थांबते, ओढ मंदावते, टोपी ओलसर व सैल राहते, आणि तिच्यावर पाणी साचून राहिले तर जिवाणूंचे पिवळे-तपकिरी डागही पडतात. आषाढात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते; अशा दिवसांत बेडवर पाणी फवारणे पूर्ण बंद ठेवावे आणि फवारणीची आठवण फेब्रुवारीसाठी राखून ठेवावी, कारण तेव्हा उलट अडचण असते आणि कोरड्या हवेत टोपीची कड तडकते.

‘पिंजर तेच’ या आपल्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. भाताची मळणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. फेब्रुवारीत आपण वापरता ते पिंजर तीन महिन्यांचे असते आणि जुलैतले आठ महिन्यांचे. मधल्या काळात वळवाच्या पावसाने गंजीच्या कडा भिजल्या असतील, तर त्या काडातले अन्न दुसऱ्या बुरशींनी आधीच खाल्लेले असते आणि धिंगरीच्या वाट्याला उरलेसुरले येते. पिवळे, चकचकीत आणि वाकवले असता सहज न तुटणारे काडच पावसाळ्यासाठी छपराखाली ठेवावे. काळपट, कुबट वासाचे काड गुरांखाली अंथरावे. बेड भरताना मूठभर ओले पिंजर घट्ट पिळून पाहावे. बोटांतून एक-दोन थेंब पडले तर पाणी बरोबर आहे. धार लागली तर बेडच्या मधल्या भागात हवा पोचणार नाही.

काढणीची वेळ चुकली तरी वजन हातचे जाते. टोपीची कड खाली झुकलेली असते तोवर अळिंबी भरीव असते. कड सपाट होऊन वर वळू लागली, की टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांतून, म्हणजे कल्ल्यांतून, पांढरी भुकटी, म्हणजे बीजाणू, गळू लागतात, टोपी पातळ होते आणि आकार वाढला तरी काट्यावर तो दिसत नाही. पावसाळ्यात सकाळी ‘अजून वाढेल’ म्हणून सोडलेला घड संध्याकाळी या अवस्थेला पोचलेला मी अनेकदा पाहिला आहे. तेव्हा दोन वेळा फेरी मारावी.

शेवटी एक घरगुती पडताळणी सुचवतो. दोन्ही हंगामांतली प्रत्येकी एक किलो अळिंबी वेगवेगळी वाळवून वजन करा. चांगल्या मालाची साधारण १०० ग्रॅम वाळवण निघते. पावसाळ्यातली वाळवण तेवढीच निघाली, तर दोष फक्त लांब देठांचा, म्हणजे हवेचा आहे. ती बरीच कमी निघाली, तर पाणी आणि पिंजर या दोन्हींकडे पाहावे लागेल.

प्रश्न : बटण अळिंबी एकाच बेडवर कधी बोराएवढी तर कधी लिंबाएवढी का येते? कोल्हापुरात ती साध्या खोलीत घेता येईल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : बटणाचा आकार बहुतांशी पिनहेडच्या संख्येवर ठरतो, कारण बेडमधले अन्न-पाणी ठरावीक असते आणि ते जितक्यांत वाटले जाईल तितका प्रत्येकीचा वाटा लहान. केसिंगच्या, म्हणजे बेडवर पसरलेल्या मातीच्या थरात तंतू पसरल्यावर खोली एकदम थंड केली आणि एकदम भरपूर हवा दिली, तर असंख्य पिनहेड एकाच वेळी फुटतात आणि बोरे मिळतात. तेच काम दोन-तीन दिवसांत हळूहळू केले, तर मोजके पिनहेड धरतात आणि ते पोसतात. काढणीच्या काळात तिला १४ ते १८ अंश तापमान लागते. त्याहून उष्णता वाढली की ती भराभर वाढते, देठ लांबतो, टोपीखालचा पडदा लवकर फाटतो आणि छत्री उघडून मांस पोकळ लागते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, पण दुपारी तो दुपटीकडे जातो, त्यामुळे शीतकरणाशिवाय बटणाच्या मागे लागू नये असेच माझे मत आहे. साध्या खोलीत उन्हाळ्यात काही घ्यायचे असेल, तर ३० अंशांच्या पुढेही तग धरणारी दुधी अळिंबी घ्यावी. तिचा देठ जात्याच जाड व भरीव असतो आणि ती टिकतेही जास्त दिवस.