फिलिपिनो लोकांना स्वतःच्या मालिका सोडून परदेशी मालिका एवढ्या का आवडतात?

तुमचा प्रश्न वाचला आणि त्याखाली तुम्ही जे लिहिलंय तेही वाचलं, की ऑफिसच्या मनिला टीममधले सगळे जेवणाच्या सुट्टीत कोरियन मालिकांबद्दलच बोलतात, आपल्याकडे असं नसतं, मग ह्या लोकांना स्वतःची संस्कृती नाही की काय. प्रश्न ठीक आहे. पण ते शेवटचं वाक्य मी एकदा जहाजावर ऐकलंय, जवळजवळ ह्याच शब्दांत, आणि अजून डोक्यातून गेलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, गाव दापोलीजवळ. अर्ध्याहून जास्त आयुष्य फिलिपिनो माणसांबरोबर गेलंय. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बऱ्याच जहाजांवर ऑफिसर भारतीय आणि क्रू फिलिपिनो असतो, दोन वेगळ्या मेस, दोन वेगळे टीव्ही. मी तेव्हा फोर्थ इंजिनिअर होतो, २०११ च्या आसपासची गोष्ट, ब्राझीलच्या तुबाराओ बंदरातून लोखंडाची माती भरून चीनला चिंगदाओला चाललो होतो, केप ऑफ गुड होपला वळसा घालून. दीड महिना फक्त पाणी. वायफाय वगैरे काही नव्हतं, घरी बोलायचं तर सॅटेलाइट फोनचं कार्ड विकत घ्यायचं आणि ते बघता बघता संपायचं.

ऑफिसर्सच्या स्मोक रूममध्ये तेच तेच हिंदी पिक्चर चालायचे. क्रूच्या मेसमध्ये मात्र रात्री जेवणं झाली की खुर्च्या सरकवल्याचा आवाज यायचा आणि मग एकदम शांतता. एकदा डोकावलो तर बोसनपासून म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमापासून ते जेवण वाढणाऱ्या मेसमनपर्यंत सगळे बसलेले आणि समोर 'ज्युएल इन द पॅलेस'. कोरियाच्या राजवाड्यातली स्वयंपाकघरातली पोरगी, जांग-गुम, पुढे राजाची वैद्य होते ती, चोपन्न भागांची. कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर फिरत आलेली. टागालॉगमध्ये म्हणजे त्यांच्या भाषेत डब केलेली, खाली इंग्लिश सबटायटल. आमचा फिटर, ज्याला सगळे 'कुया' म्हणायचे म्हणजे आपला दादा, त्याने मला बघितलं आणि खुर्ची पुढे ढकलली, "फोर्थ, बस." मग काय, रोजचंच झालं.

त्या मालिकेची खरी मजा त्या मेसमध्येच होती, मी नंतर घरी एकट्याने बघायचा प्रयत्न केला तर ती मजा आली नाही. जहाजाचा कुक पुढे बसायचा आणि राजवाड्यातल्या बायका भाजी कशी चिरतात, मासा कसा साफ करतात यावर त्याचं बोलणं सतत चालू. एक ऑइलर प्रत्येक कपटी बाईला शिव्या घालायचा. आणि कुया काही बोलायचा नाही. त्याने मला नंतर सांगितलं की ही मालिका त्यांच्याकडे जीएमए चॅनलवर २००५-०६ ला लागली तेव्हा अख्खा देश बघत होता आणि तो नेमका समुद्रावर होता, बायको इलोइलोला घरी बसून बघायची आणि फोनवर सांगायची आज काय झालं. ह्याला काही कळायचं नाही कोण कोणाबद्दल बोलतेय. एवढ्या वर्षांनी तो आता बघत होता आणि बंदर आलं, सिमकार्ड मिळालं की बायकोला सांगायचा की आता मी अमुक भागापर्यंत आलो. ती परत त्याच्याबरोबर ते सगळं बोलायची. पोराची फी, घराचं छप्पर हे बोलून झाल्यावर नवरा-बायकोने बोलायचं काय, वर्षातले नऊ महिने लांब राहून? तुम्ही कधी असे राहिला नसाल तर हे तुम्हाला पटकन कळणार नाही.

तर त्यात एक प्रसंग आहे. जांग-गुमची गुरू, लेडी हान, तिला खोट्या आरोपाखाली हद्दपार करतात आणि जेजू बेटाकडे नेताना वाटेत ती जांग-गुमच्या पाठीवरच जीव सोडते. त्या रात्री मेसमध्ये एकही माणूस कोरड्या डोळ्यांचा नव्हता. कुया म्हणजे हातभर वेल्डिंगचे डाग असलेला दणकट माणूस, तो टॉवेल तोंडावर धरून बसला होता. मीपण रडत होतो आणि मला त्यात काही लपवायचं कारण वाटत नाही. नेमके तेव्हा आमचे चीफ इंजिनिअर आत आले, कुयाला दुसऱ्या दिवशीच्या पाइपच्या कामाचं सांगायला. बघितलं, हसले, काम सांगितलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर, सगळ्या ऑफिसर्ससमोर, मराठीच माणूस, मला म्हणतात, "अरे, तूपण त्यांच्यात बसून रडतोस? ह्या लोकांना स्वतःचं काही आहे का? धर्म स्पेनचा, इंग्लिश अमेरिकेची, आता मालिका कोरियाच्या."

मी म्हटलं, "सर, 'जस्सी जैसी कोई नहीं' बघायचात ना घरी?" म्हणाले, हो, बायको एकही भाग सोडायची नाही. म्हटलं, "ती कोलंबियाची आहे. मूळ 'यो सोय बेट्टी, ला फेआ'. फिलिपिन्सवाल्यांनीपण २००८ ला त्यांची बेट्टी केली, फक्त त्यांनी नावात बेट्टी ठेवलं आणि मूळ कुठलं ते सगळ्यांना माहीत होतं. आपण जस्सी केलं आणि आपल्याला वाटलं आपलीच आहे." टेबलावर कोणी काही बोललं नाही. चीफनी जेवण संपवलं आणि उठले. साइन ऑफच्या वेळी, म्हणजे काम संपवून जहाज सोडताना, माझ्या अप्रेझलमध्ये शेरा आला, 'क्रूमध्ये गरजेपेक्षा जास्त मिसळतो'. तो शेरा मला पुढच्या प्रमोशनच्या वेळी ऑफिसमध्ये वाचून दाखवला गेला. कामाबद्दल एक अक्षर वाईट नव्हतं.

आणि हेच चीफ रोज रात्री केबिनमध्ये लॅपटॉपवर अमेरिकन मालिका बघायचे. तेव्हा त्यांना संस्कृतीचा प्रश्न कोणी विचारला नाही. माझा खरा राग ह्याच्यावर आहे. अमेरिकन मालिका बघितली की माणूस पुढारलेला आणि कोरियन किंवा मेक्सिकन बघितली, त्यातून बघणारा खालच्या डेकवरचा असला, की त्याला स्वतःचं काही नाही. ही संस्कृतीची काळजी नाहीये, ही मेसची भिंत आहे.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येतो. हे कोरियापासून सुरू झालेलं नाही. १९९६ ला मेक्सिकोची 'मारिमार' तिकडे आरपीएन नावाच्या चॅनलवर लागली, टागालॉगमध्ये डब करून, आणि देश वेडा झाला. समुद्रकिनाऱ्यावरची गरीब पोरगी, श्रीमंत घराण्यात लग्न, सासरचा छळ, मग तीच श्रीमंत होऊन परत येते. थालिया म्हणजे त्यातली हिरॉइन मनिलाला आली तेव्हा प्रचंड गर्दी झाली आणि तिने पुढे १९९७ ला टागालॉग गाण्यांचा अल्बमसुद्धा काढला. लोक म्हणतात मेक्सिको कुठे, फिलिपिन्स कुठे. पण स्पेनच्या काळात १८२१ पर्यंत फिलिपिन्सचा कारभार मेक्सिकोमधूनच चालायचा, मनिला ते आकापुल्को जहाजं १५६५ पासून १८१५ पर्यंत जात होती, अडीचशे वर्षं. कॅथलिक घर, नवस, देवीची मूर्ती, हवेलीतली सासू, आडनावांचा मान, हे त्यांना परकं वाटायचं कारणच नव्हतं. उलट आपल्या चीफना ते सगळं परकं म्हणून दिसत होतं.

मग २००३ ला एबीएस-सीबीएन चॅनलने तैवानची 'मिटिओर गार्डन' आणली, ती मुळात जपानी कॉमिकवरून. गरीब घरची हुशार मुलगी आणि कॉलेजातली चार श्रीमंत पोरं. त्यातली हिरॉइन बार्बी श्यू २०२५ च्या फेब्रुवारीत वारली तेव्हा माझ्या फिलिपिनो मित्रांच्या फेसबुकवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं, पन्नाशीला आलेले बाप्ये तिचे फोटो टाकत होते. त्याच सुमाराला जीएमएवर कोरियन मालिका सुरू झाल्या आणि डबिंग करताना पात्रांची नावंसुद्धा बदलायचे, 'ऑटम इन माय हार्ट'मधली भावंडं तिकडे जेनी आणि जॉनी झाली. 'फुल हाउस'मध्ये जेसी आणि जस्टिन. म्हणजे बघणाऱ्या आजीला वाटावं शेजारच्या गल्लीतलीच पोरं आहेत. फिलिपिन्समधले डबिंग आर्टिस्ट हा वेगळाच विषय आहे, त्यांना जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं कधी मिळालं नाही. मालिका परदेशातून यायची पण घरात जो आवाज घुमायचा तो मनिलाच्या माणसाचा असायचा.

चॅनलचं गणित साधं आहे, तयार मालिका विकत घेऊन डब करणं हे स्वतः सेट लावून, नटांना पैसे देऊन बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि कोरियन मालिका बहुतेक सोळा-वीस भागांत संपते. त्यांच्या स्वतःच्या मालिका, ज्यांना ते तेलेसेर्ये म्हणतात, त्या चालल्या की ताणतात. 'आंग प्रोबिन्स्यानो' २०१५ ला सुरू झाली ती २०२२ ला संपली. आता तुम्हीच बघा, सात वर्षं लोकांनी रोज संध्याकाळी बघितली ना? मग 'स्वतःच्या मालिका सोडून' हे तुम्ही कुठून आणलंत? दोन्ही बघतात ते. दुपारी एक, रात्री दुसरं. आपल्याकडे वरण-भातही असतो आणि शनिवारी नूडल्सही असतात, म्हणून कोणी वरण-भात सोडला असं होत नाही.

२०२० ला एबीएस-सीबीएनचं लायसन्स संपलं, संसदेने नवीन दिलं नाही, त्यातच लॉकडाऊन, आणि लोक मोबाईलवर नेटफ्लिक्स नि व्ह्यू (Viu) ही ॲप्स बघायला लागले. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' तेव्हाचीच, त्यातल्या हिरो-हिरॉइनला तिथल्या मोबाईल कंपनीने जाहिरातीतसुद्धा घेतलं. तुमच्या ऑफिसमधली पोरं बहुतेक ह्या लाटेतली असणार.

तुमच्यासारखं तिकडेही लोक बोलतात हं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेटर जिंगॉय एस्ट्राडा, जे स्वतः जुने नट आणि माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव, म्हणाले की परदेशी मालिकांवर बंदीच घालावी असं वाटतं, आपल्या कलाकारांचं काम जातंय. नंतर त्यांनी सांगितलं की ते वैतागून बोलले होते. गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्यांच्याच देशाची 'मारिया क्लारा आत इबार्रा' जोरात सुरू होती, त्यांचे राष्ट्रीय नायक होसे रिझाल यांच्या कादंबऱ्यांवरची, आणि कोरियन बघणारी तीच पोरं ती बघत होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची कादंबरी रात्रीच्या टीव्हीवर आणून पोरांना वाचायला लावणाऱ्या देशाला संस्कृती नाही म्हणायचं? त्यांची 'पांगाको सा यो' मलेशियापासून केनियापर्यंत गेली, ते कोणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मी एकाच बाजूने बोलतोय असं वाटेल. कलाकारांची तक्रार खोटी नाही. तिथे शूटिंगचे तास भयंकर असायचे. एडी गार्सिया हे फार मोठे नट, २०१९ ला सेटवर केबलला अडखळून पडले आणि गेले. त्यांच्या नावाने २०२४ ला कायदा झाला, दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास आणि आठवड्याला साठ. आम्हा जहाजवाल्यांनापण आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत चौदाच्या वर काम देता येत नाही, आठवड्याला बहात्तर. कागदावर तरी. त्यामुळे स्वस्तात विकत आणलेल्या मालिकेमुळे तिथल्या लाइटवाल्याचा, एक्स्ट्राचा रोज बुडतो हे मला कळतं. पण त्याचा जाब चॅनलच्या मालकाला विचारा, मेसमध्ये बसून बघणाऱ्या फिटरला नको.

आणि हे सगळं मी मुख्यतः खलाशी आणि त्यांच्या घरच्यांकडून शिकलोय. मनिलाच्या श्रीमंत भागातल्या पोरांचं वेगळं असेल, ती कदाचित फक्त इंग्लिश बघत असतील. सगळेच फिलिपिनो कोरियन मालिकांचे वेडे असतात असंही समजू नका, आमच्याच जहाजावर एक सेकंड मेट होता, त्याला फक्त बास्केटबॉल.

आता तुम्हाला सल्ला. पुढच्या वेळी जेवणात ते बोलत असतील तेव्हा "तुमच्या स्वतःच्या नाहीत का?" असं विचारू नका. विचारा की लहानपणी घरात कोणती लागायची, आई कुठली बघायची, कोण परदेशात होतं तेव्हा. सांगायला लागले की थांबणार नाहीत. आणि तुमचा कोणी सीनियर हसला, 'ह्यांच्यात काय बसतोस' म्हणाला, तर तिथल्या तिथे उत्तर द्या, सगळ्यांसमोर द्या. अप्रेझलमध्ये काय यायचं ते येऊ दे. मला तो शेरा एका प्रमोशनला नडला, एक वर्ष उशिरा थर्ड इंजिनिअर झालो, पण कुया आणि त्याची बायको अजून ख्रिसमसला व्हिडिओ कॉल करतात आणि त्या चीफचा नंबर माझ्याकडे नाही.

सुरुवात करायची असेल तर 'ज्युएल इन द पॅलेस'च करा. टागालॉग डबिंग मिळालं तर तेच लावा, खाली सबटायटल ठेवून, आणि टीममधल्या कोणाला तरी सोबत बसवा.