छंदासाठी झिजलेला माणूस तुम्ही जवळून पाहिलाय का? तो गेल्यावर त्या मंडळाचं काय झालं?

पाहिलाय. गोव्यातल्या फोंड्यात, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या एका खोलीत. आम्ही त्यांना भाई म्हणायचो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि हातात कायम जुना बनियन फाडून केलेली चिंधी. चिंधीचं पुढे सांगतो.

आमचं मंडळ म्हणजे अकरा जण आणि एक मॉडेल रेल्वे. सुरुवात चवथीच्या देखाव्यातून झाली. सार्वजनिक गणपतीपुढे हलता दूधसागर धबधबा करायचा आणि त्यातून गाडी न्यायची, एवढीच कल्पना होती. गणपती विसर्जनाला गेले, गाडी राहिली.

बाजारात मिळणारा रूळ बहुतेक एचओ मापाचा, दोन पट्ट्यांत १६.५ मिलिमीटर अंतर. परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी तो १:८७ प्रमाणात केलेला असतो. भाईंना मात्र करायचा होता कुळे ते कॅसलरॉक घाट, तोही त्यांच्या लहानपणीचा, मीटरगेजचा. मुक्तीपूर्वी कुळे म्हणजे गोव्याच्या हद्दीतलं शेवटचं मोठं स्टेशन, पुढे घाट आणि वर आधी इंग्रजांचा, मग भारताचा मुलूख. नव्वदच्या दशकात तिथे ब्रॉडगेज आलं आणि भाईंची गाडी गेली ती गेलीच. मग त्यांनी वहीत हिशोब मांडला: रूळ हाच, पण हे अंतर एक मीटर मानायचं. प्रमाण आलं साधारण १:६०. आम्ही वैतागलो. कारण आता विकत मिळणारं एकही घर, डबा, माणूस त्या मापात बसेना. खेळण्यातल्या लहान मोटारी तेवढ्या चालून गेल्या. बाकी सगळं हातानं करायचं. भाईंनी हे मुद्दाम केलं असा माझा अजून संशय आहे, कारण त्यानंतर एकाही सभासदाला रिकामं बसता आलं नाही.

दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणारी दोन पोरं डोंगराला लागली: बांबूच्या कामट्या, वर्तमानपत्र, खळ. मागचा पडदा जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरनं केला, त्यामुळे आमच्या सह्याद्रीवरचं आभाळ इंद्रसभेच्या प्रवेशासारखं गुलाबी आहे. माझ्याकडे खडी आली. चाळलेली बारीक चुरी रुळात पसरायची, मग फेविकॉलमध्ये निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडायचं. साबण विसरलात तर थेंब खडीवर तसाच गोल बसून राहतो, आत उतरत नाही. पहिले दोन फूट मी साबणाशिवाय केले होते. भाई काही बोलले नाहीत, फक्त बोटानं खडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. रानातल्या पाचोळ्यासाठी प्रत्येकानं घरून चहाचा वाळवलेला चोथा आणायचा, अशी सक्तीच होती.

घाटाचा खरा चढ ३७ ला १ आहे. भाईंनी तोच धरला. तीन मीटरच्या रुळात आठ सेंटिमीटर वर चढायचं. ऐकायला काहीच वाटत नाही, पण सहा डबे लावले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. खऱ्या घाटातल्यासारखं मागून दुसरं इंजिन लावलं, तर दोन्ही मोटरींचा वेग जुळेना आणि मधले डबे रुळावरून उडायचे. भाईंनी चार इंजिनं हातातल्या घड्याळावर पळवून त्यांतली जुळणारी जोडी निवडली, तेव्हा कुठे ते जमलं. घड्याळाचा आणखी एक उपयोग होता. घाटात ताशी ३० किलोमीटर वेग धरला, तर आमच्या प्रमाणात सेकंदाला १४ सेंटिमीटर येतात; म्हणजे चढ पार करायला वीस-बावीस सेकंद लागले पाहिजेत. पाहायला आलेल्या मुलानं बटण जोरात फिरवलं की मागून आवाज यायचा, "सवकास रे पुता!"

आता चिंधी. गाडीला वीज रुळातून चाकांमार्फत मिळते. आमच्याकडे एका बाजूनं गिरणीचं पीठ, दुसऱ्या बाजूनं गोव्याची दमट हवा. आठवड्याभरात रुळावर चिकट थर बसतो आणि इंजिन अडखळतं. आम्ही रविवारी दहाला पोचायचो. भाई आठपासून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिंधी बुडवून सगळा मार्ग पुसत असायचे, बोगद्याच्या आतसुद्धा, काठीला कापड बांधून. पावसाळ्यात तर मधल्या वारीही. स्वतः कंट्रोलर हातात घेतलेला मी त्यांना फार तर चारदा पाहिला असेल. एकदा आम्हा सगळ्यांना पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात घेऊन गेले. आम्ही गाड्या बघत होतो आणि हे वाकून टेबलाखाली काही दिसतं का ते.

टेबलाखालचं जग हाच त्यांचा दोष. सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड, आणि सिग्नल चालायचे भंगारात निघालेल्या टेलिफोन एक्सचेंजच्या रिलेंवर, म्हणजे विजेनं उघड-बंद होणाऱ्या खटक्यांवर. (यात नवल नाही. अमेरिकेत एमआयटीच्या मुलांचा रेल्वे क्लबही टेलिफोनच्या सामानावरच चालायचा, आणि 'हॅक' हा शब्द तिथल्याच पोरांनी रुळवला म्हणतात.) पण तिथे खाली भाई दुसऱ्या कुणाला शिरू देत नसत. "तुम्ही वर बघा, मी खाली बघतो." तारा मिळतील त्या रंगाच्या. कितीदा म्हटलं, भाई, नकाशा काढून ठेवा. "वहीत आहे" म्हणायचे.

ते गेले मे महिन्यात. तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही खोली उघडली, कुणीतरी चालू करावं म्हणून चालू केलं, एक सांधा अडला. आमच्यातला एक जण धीर करून खाली शिरला आणि त्यानं एक तार हलवली. रिले ४८ व्होल्टचे, रूळ १२ व्होल्टचा. जोडीतल्या पुढच्या इंजिनातून धूर आला.

वही त्यांच्या मुलीनं आणून दिली. नकाशा होता, पण सांध्यांना नंबर नव्हते, नावं होती. ज्या सांध्याचं लाकूड ज्यानं बसवलं त्याचं नाव. त्यातले तिघे मंडळ सोडून गेलेले, एक दुबईला. फोन करकरून विचारलं, "तू कुठला सांधा बसवला होतास?" दुबईवाल्यानं व्हिडिओ कॉलवर बोट दाखवत सांगितलं आणि मग बराच वेळ फोन ठेवलाच नाही. पावसाळा सगळा त्यातच गेला. आता प्रत्येक तारेला चिठ्ठी आहे.

मंडळ टिकलं का, तर अकराचे सहा राहिलोय. रूळ पुसायची पाळी लावली आहे, आणि ती चुकवायची कारणं मला आता तोंडपाठ आहेत. निम्मी माझीच आहेत. दोन तरुण सभासदांना सगळं काढून डिजिटल कंट्रोल बसवायचंय, म्हणजे रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम द्यायचा. जुने म्हणाले, भाईंना चाललं नसतं. मग वहीच्या शेवटच्या पानांत त्याच डिजिटल कंट्रोलचा पूर्ण खर्च मांडलेला सापडला, इंजिनागणिक तो हुकूम वाचणाऱ्या चिपच्या, डीकोडरच्या किमतीसकट. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शाळेतल्या दोघांना परवडणार नाही. थांबू.' ते दोघे म्हणजे आज डिजिटलसाठी भांडणारे हेच दोघे.

अजून ठरलं नाही. सध्या रिलेच आहेत. कुळ्याच्या सांध्याचा चिकटतो, त्याला टिचकी मारावी लागते.